बीथोव्हनपासून सेगावपर्यंत

सेवाग्रामची बापू कुटी मुळात बापूंसाठी बांधलेली नव्हती. ती मीराबेनची झोपडी. मातीने लिंपलेल्या भिंती, बांबू, वर कवेलू, आणि भिंतींवर ओल्या मातीतून उठावाने काढलेली झाडं, मोर, चरखा. ही नक्षी मीराबेननी स्वतःच्या हातांनी केली. गांधीजी तिथे नंतर राहायला आले. इंग्लंडच्या आरमारातल्या एका अ‍ॅडमिरलची मुलगी वर्धा जिल्ह्यात येऊन भिंती लिंपत होती, हे अनेकांनी ऐकलेलं असतं. ती आली कशामुळे, हे मात्र क्वचितच कुणी सांगतं. त्याचं कारण साम्राज्यविरोधी चळवळीत नाही, गीतेत नाही आणि सुरुवातीला तर गांधीजींमध्येही नाही. ते आहे लुडविग फान बीथोव्हन या जर्मन संगीतकारात. मीराबेन जन्मल्या १८९२ साली, आणि तो १८२७ मध्येच वारला होता.

मॅडेलिन स्लेड हे त्यांचं मूळ नाव. घर सुखवस्तू, आजोळी घोडे आणि शेतीवाडी. मुलगी अबोल, झाडाझुडपांत रमणारी. ती पंधरा वर्षांची असताना घरात पियानो वाजवणारं एक यंत्र आलं. त्या काळच्या इंग्लंडमध्ये ही यंत्रं फार चालत. लाकडी पेटी पियानोपुढे ठेवायची, तिच्यात भोकं पाडलेल्या कागदाची गुंडाळी बसवायची आणि पायाने भाता दाबत राहायचं. भोकांतून हवा गेली की पेटीची बोटं पियानोच्या पट्ट्यांवर पडतात. कोणता सूर वाजायचा हे कागद ठरवतो. तो किती जलद आणि किती जोरात, हे मात्र दांड्या हलवणाऱ्या माणसाच्या हाती असतं. बोटांना तालीम नसलेल्या मुलीला या यंत्रामुळे एक मोठी रचना आपल्या श्वासानुसार वाजवता आली. ती रचना म्हणजे बीथोव्हनचा ३१व्या ओपसमधला, म्हणजे प्रकाशित रचनासंचातला, दुसरा पियानो सोनाटा. तिने तो पुन्हा पुन्हा लावला आणि ती पार हलून गेली.

या सोनाट्याची सुरुवात ऐकली तर त्यात नवल वाटत नाही. आरंभी एकच स्वरसमूह येतो, संथ, एकेक सूर उलगडत, आणि मध्येच थांबतो. लगेच घाईघाईचे, धापा टाकणारे सूर उतरत येतात आणि तेही अडखळून थांबतात. पुन्हा तो संथ स्वर. गंमत म्हणजे या पहिल्या स्वरसमूहात षड्ज नाहीच. आपल्या भाषेत सांगायचं तर रचना पंचमावर उभी राहून सुरू होते आणि ‘सा’ कुठे आहे ते बराच वेळ कळू देत नाही. कानाला घर हवं असतं आणि ते मिळत नाही. या न मिळण्यातच तिची सगळी अस्वस्थता आहे.

हे लिहिलं तेव्हा बीथोव्हन ३१ वर्षांचा होता. बॉनहून व्हिएन्नाला येऊन त्याला दहा वर्षं होत आली होती. पियानोवादक म्हणून त्याचं नाव गाजत होतं, पण कान जाऊ लागले होते. विशी संपतानाच त्याला ते जाणवलं आणि त्याने ते लोकांपासून लपवलं. १८०२च्या ऑक्टोबरमध्ये व्हिएन्नाजवळच्या हाइलिगेनश्टाट या गावी त्याने आपल्या दोन भावांना एक लांब पत्र लिहिलं. लोकांना मोठ्याने बोला असं सांगण्याची लाज, दुरून येणारी बासरी शेजारच्याला ऐकू यावी आणि आपल्याला येऊ नये ही मानहानी, जीव देण्याचा विचार, आणि मनात आहे ते सगळं लिहून होईपर्यंत जग सोडता येणार नाही हा निर्धार, असं सगळं त्यात आहे. पत्र त्याने पाठवलंच नाही. ते त्याच्या मृत्यूनंतर कागदपत्रांत सापडलं.

पुढच्याच वर्षी त्याने तिसरी सिम्फनी लिहायला घेतली. सिम्फनी म्हणजे मोठ्या वाद्यवृंदासाठी लिहिलेली, बहुधा चार भागांची रचना. व्हायोलिनपासून तुतारी आणि नगाऱ्यांपर्यंत सगळी वाद्यं त्यात असतात आणि प्रत्येकाचा प्रत्येक सूर कागदावर ठरलेला असतो. तोवरच्या सिम्फन्या साधारण अर्ध्या तासात संपत. ‘एरोइका’ नावाने ओळखली जाणारी ही तिसरी जवळपास ५० मिनिटं चालते, आणि तिचा दुसरा भाग चक्क प्रेतयात्रेची चाल आहे. ती आधी नेपोलियनला अर्पण करायची होती. त्याने स्वतःला सम्राट म्हणवून घेतल्यावर बीथोव्हनने नाव इतक्या रागाने खोडलं की पानाला भोक पडलं. ७ एप्रिल १८०५ रोजी व्हिएन्नात तिचा पहिला जाहीर प्रयोग झाला. दरबारी करमणुकीसाठी घडलेल्या साच्यात तिशीतल्या एका माणसाने आपलं दुःख ओतलं आणि तो साचा पुढे शंभर वर्षं पुन्हा पहिल्यासारखा झाला नाही.

पाचवी सिम्फनी १८०८ सालची. तिचे पहिले चार सूर पाश्चात्त्य संगीताशी कसलाही संबंध नसलेल्या माणसालाही ओळखता येतात. तीन आखूड, एक लांब. सरगमात ते अगदी सोपे आहेत: प प प आणि कोमल ग, मग एक पायरी खाली म म म रे. सगळा पहिला भाग या एवढ्याशा तुकड्यातून उभा राहतो. दुसऱ्या महायुद्धात बीबीसीने हेच चार सूर नगाऱ्यावर वाजवून युरोपकडे प्रसारित केले, कारण मोर्सच्या लिपीत तीन आखूड आणि एक लांब म्हणजे ‘व्ही’, विजयाचा. जर्मन संगीतकाराची रचना जर्मनीविरुद्ध वापरली जाते आहे, याचा इंग्रजांना बहुधा आनंदच वाटला असावा.

खरी करामत शेवटच्या भागाआधी आहे. तिसरा भाग संपता संपता आवाज इतका खाली जातो की नगाऱ्याची हलकी धडधड तेवढी उरते. वर तंतुवाद्यं एकेक सूर चाचपडत असतात. हे थोडं लांबतं, मग आणखी लांबतं. ऐकणारा नकळत श्वास धरतो. आणि एकदम पूर्ण वाद्यवृंद सा-ग-प असा चढतो. सिम्फनीभर छळणारा कोमल गंधार शुद्ध झालेला असतो. इतका वेळ गप्प बसवून ठेवलेली ट्रॉम्बोन वाद्यंही याच क्षणी पहिल्यांदा उघडतात. अंगावर काटा येतो तो इथे.

या काट्यावर गेल्या काही दशकांत बरंच संशोधन झालं आहे. लेनर्ड मायर या अमेरिकन अभ्यासकाने १९५६ मध्ये मांडलं की संगीतातली भावना ही अपेक्षेतून येते. कान पुढचा सूर ताडत असतो. तो लांबला, चुकवला, उशिरा दिला की मन हलतं. मैफलीत बसणाऱ्या मराठी रसिकाला हे सांगण्याची गरज नाही. गवई आवर्तनभर बाहेर भटकतो, समेला उरलेल्या दोन मात्रांत तो कसा पोचणार याची धास्ती वाटते, आणि तो पोचतो तेव्हा सगळ्यांच्या माना एकदम खाली येतात. २०११ मध्ये माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी या धास्तीचा आणि या पोचण्याचा मेंदूतला ठावठिकाणा शोधला. ज्यांना संगीताने हमखास काटा येतो असे आठ जण निवडून त्यांच्या आवडीचं संगीत त्यांना ऐकवलं आणि मेंदूतलं डोपामीन हे रसायन मोजलं. काटा येण्याच्या क्षणी ते एका जागी स्रवत होतं, तर त्या क्षणाची वाट पाहताना दुसऱ्याच जागी. म्हणजे वाट पाहणं ही आनंदाची नुसती प्रस्तावना नाही, तिची मेंदूत वेगळी जागा आहे. आपल्याकडच्या बडा ख्याल गाणाऱ्यांना हे प्रयोगशाळेवाचून माहीत होतं, हा भाग वेगळा.

मॅडेलिनच्या बाबतीत मात्र एवढ्याने भागत नाही. काटा येऊन गेलेली माणसं लाखो असतात. त्यांपैकी जवळजवळ सगळी घरी जाऊन जेवतात. तिला सूर नको होते, सुरांमागचा माणूस हवा होता, आणि तो आपल्या जन्माआधी ६५ वर्षं मेलेला आहे ही गोष्ट तिला सोसवत नव्हती. दरम्यान वडील आरमाराचे ईस्ट इंडीजचे प्रमुख झाल्याने तिची दोन वर्षं मुंबईत गेली. मेजवान्या, स्वागतसमारंभ, गोऱ्यांचं वर्तुळ. हिंदुस्थान तिला त्यात कुठे दिसलाच नाही.

पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये जर्मन संगीताविषयी कडवटपणा होता. त्या वातावरणात तिने फ्रेडरिक लॅमंड या स्कॉटिश पियानोवादकाच्या मैफली भरवायला सुरुवात केली. लॅमंड हा लिस्ट या संगीतकाराचा शिष्य आणि बीथोव्हनचा नावाजलेला भाष्यकार. पुढे ती बॉनला गेली, व्हिएन्नाला गेली, बीथोव्हन जिथे राहिला त्या जागा तिने पाहिल्या. फ्रेंच कादंबरीकार रोमाँ रोलाँ यांनी बीथोव्हनचं चरित्र लिहिलं आहे आणि त्यांच्या ‘जाँ-क्रिस्तोफ’ या दहा खंडांच्या कादंबरीचा नायकही बीथोव्हनच्या वळणाचा संगीतकार आहे, हे कळल्यावर केवळ ती पुस्तकं मुळातून वाचता यावीत म्हणून ती फ्रेंच शिकली. मग रोलाँना भेटायला स्वित्झर्लंडमध्ये व्हिल्नव्हला गेली.

त्या भेटीत रोलाँनी गांधीजींवरच्या आपल्या छोट्या पुस्तकाचा उल्लेख केला. तिने गांधी हे नाव धड ऐकलं नव्हतं. ‘म्हणजे दुसरा ख्रिस्तच’ अशा अर्थाचं काहीतरी रोलाँ म्हणाले. १९२४ मध्ये आलेलं ते पुस्तक तिने एका बैठकीत संपवलं आणि बोटीचं तिकीट काढलं. मग स्वतःच विचार करून ते पुढे ढकललं आणि वर्षभर तयारी केली: जमिनीवर झोपणं, शाकाहार, सूतकताई, उर्दूचे धडे. ६ नोव्हेंबर १९२५ रोजी ती मुंबईला उतरली आणि दुसऱ्या दिवशी अहमदाबादला गांधीजींच्या साबरमती आश्रमात पोचली. मीरा हे नाव गांधीजींनी दिलं. गिरिधराचा ध्यास घेतलेल्या राजकुळातल्या बाईचं नाव शोधताना त्यांना फार विचार करावा लागला नसेल.

गांधीजी आणि बीथोव्हन यांची गाठ पुढे खरोखर पडली. गोलमेज परिषदेहून परतताना १९३१च्या डिसेंबरमध्ये गांधीजी व्हिल्नव्हला रोलाँच्या घरी पाच-सहा दिवस राहिले. बरोबर मीराबेन, सचिव महादेवभाई देसाई आणि प्यारेलाल, आणि मुलगा देवदास होते. शेवटच्या संध्याकाळी प्रार्थना झाल्यावर गांधीजींनीच रोलाँना बीथोव्हन वाजवायला सांगितलं. रोलाँनी पाचव्या सिम्फनीचा दुसरा, संथ भाग पियानोवर वाजवला आणि जोडीला ग्लुक या संगीतकाराच्या ऑपेरातला एक बासरीचा तुकडा. रोलाँनी नंतर एका मित्राला लिहिलं त्यानुसार गांधीजींना बीथोव्हन ठाऊक नव्हता. ठाऊक होतं ते इतकंच, की आपली मीरा या माणसामुळे रोलाँपर्यंत आणि रोलाँमुळे आपल्यापर्यंत आली.

त्यांनी काय ऐकलं असेल? एक तर तो वाद्यवृंद नव्हता. या भागात व्हायोला आणि चेलो ही खर्जाकडची वाद्यं एक शांत धून घेऊन येतात आणि ती रंगत असताना तुताऱ्या एकदम दार ढकलून आत येतात. पियानोवर हे रंग एकाच रंगात दिसतात. दुसरं, एकाच वेळी चार-पाच सूर वेगवेगळ्या दिशेने चालवणाऱ्या संगीताची सवय आश्रमातले गायक नारायणराव खरे यांच्या तंबोऱ्यावरची भजनं ऐकणाऱ्या कानाला असण्याचं कारण नव्हतं. आपल्या संगीतात सूर एका रेषेत जातो, षड्ज तंबोऱ्यात सतत वाजत असतो, तो कधी हरवत नाही. बीथोव्हनचा तर सगळा खेळच षड्ज हरवण्याचा आणि परत मिळवण्याचा.

तरीही परकं संगीत अगदीच बंद नसतं. १९९९ मध्ये कॅनडात झालेल्या एका अभ्यासात हिंदुस्थानी राग कधी न ऐकलेल्या ३० जणांना रागांचे आलाप ऐकवून भावना ओळखायला सांगितली होती. आनंद, दुःख आणि संताप त्यांना बऱ्यापैकी ओळखता आला. शांती मात्र नीट ओळखता आली नाही. २००९ मध्ये कॅमेरूनच्या डोंगरात राहणाऱ्या माफा लोकांवर उलटा प्रयोग झाला. पाश्चात्त्य संगीत कानावर न पडलेल्या या लोकांनी त्यातला आनंद, दुःख आणि भीती ओळखली. लय जलद की संथ, आवाज मोठा की बारीक, सूर गुळगुळीत की खरखरीत, एवढं जगात कुणालाही पोचतं. त्यापुढचं, म्हणजे चुकवलेली अपेक्षा आणि लांबवलेली सम, हे ज्याच्या त्याच्या कानाच्या शिकवणीवर अवलंबून राहतं. व्हिल्नव्हच्या खोलीत बसलेल्या मंडळींपैकी गांधीजींना संथपणा नक्की पोचला असेल. त्याच सुरांनी मीराबेनच्या मनात काय केलं असेल, ही तुलनाच होऊ शकत नाही. सहा वर्षांपूर्वी मागे टाकलेलं सगळं आयुष्य त्या पियानोत होतं.

त्यानंतर दीर्घकाळ त्यांच्या आयुष्यात पाश्चात्त्य संगीताला जागा उरली नाही. स्वराज्य मिळेपर्यंत साबरमतीला परतायचं नाही हे ठरवलेल्या गांधीजींना जमनालाल बजाजांनी वर्ध्याला आणलं. मीराबेननी आधी वर्ध्यालगतच्या सिंदीत सफाईचं काम केलं, मग शहरापासून सुमारे ८ किलोमीटरवरचं सेगाव निवडून तिथे मुक्काम केला. धड रस्ता नाही, टपाल नाही, पावसाळ्यात काळ्या मातीत पाय रुतणार, आणि हिवताप ठरलेला. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी सेगावात आले. शेगावच्या नावाशी होणारा घोळ टाळायला १९४० मध्ये गावाचं सेवाग्राम झालं. योगायोगच पाहायचे तर सेगावच्या त्या दिवसाच्या आदल्याच दिवशी मुंबईत झुबिन मेहतांचा जन्म झाला. त्यांचे वडील मेहली मेहता यांनी वर्षभरापूर्वी बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता. मुंबईत बीथोव्हन वाजत होता आणि त्याच्यापायी देश सोडून आलेली बाई आजच्या महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला शेण-माती कालवत होती.

सेगाव मुकं मात्र नव्हतं. पहाटे आणि संध्याकाळी प्रार्थना होई, रामधून होई. निचिदात्सु फुजी या जपानी भिक्षूंच्या शिष्यांमुळे त्यांच्या पंथाचा मंत्र आणि ढोल आश्रमात आला आणि तो मंत्र प्रार्थनेत कायमचा बसला. १९३६ मध्येच तुकडोजी महाराज महिनाभर आश्रमात राहिले. तेव्हा ते २७ वर्षांचे होते. स्वतः रचलेली भजनं ते खंजिरीवर म्हणत आणि विदर्भातली गावंच्या गावं त्यांच्यामागे बसत. खंजिरीची ती थाप ऐकायला कसली शिकवणी लागत नव्हती. वऱ्हाड-वर्धेकडच्या माणसाचा कान तिच्यावरच वाढलेला होता. बीथोव्हनचा व्हिएन्नातल्या श्रोत्यांशी जो सौदा होता, तोच इथे तुकडोजींचा सेगावच्या श्रोत्यांशी होता. तरुण रचनाकार, ओळखीचा साचा, आणि त्यात ओतलेलं नवं काहीतरी.

पंधराव्या वर्षी पियानोच्या यंत्रापुढे जागी झालेली ओढ मीराबेननी जशीच्या तशी बापूंवर आणून ठेवली होती, असं त्यांची पत्रं आणि आत्मचरित्र वाचताना वाटतं. गांधीजींना ते कळत होतं आणि पेलवत नव्हतं. माझ्याजवळ राहण्यापेक्षा काम धर, हे ते त्यांना वर्षानुवर्षं लिहीत राहिले. कधी रागावून, कधी समजावून. मेलेल्या संगीतकारावरची भक्ती निर्धोक असते. जिवंत माणसावरची तशी नसते, कारण जिवंत माणूस दूर जायला सांगू शकतो.

१९४२ मध्ये त्या गांधीजींबरोबर पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत होत्या. तिथे महादेवभाई गेले, कस्तुरबा गेल्या. सुटकेनंतर त्या उत्तरेकडे हिमालयाच्या पायथ्याशी गुरं आणि जंगल यांच्या कामात गुंतल्या. स्वातंत्र्य आलं, गांधीजी गेले. आणि मग, साठी उलटल्यावर, बीथोव्हन परत आला. १९५९ मध्ये त्यांनी भारत सोडला आणि ऑस्ट्रियात, व्हिएन्नाच्या आसपासच्या खेड्यांत घर केलं. ज्या रानवाटांवरून बीथोव्हन वही घेऊन भटकत असे, तोच हा मुलूख. १९६० मध्ये त्यांचं इंग्रजी आत्मचरित्र आलं. अनेकांना हा प्रवास उलटा वाटला, बापूंना सोडून जाणं वाटलं. त्यांच्या दृष्टीने ती दोन माणसं वेगळी नव्हती. एकाने दुसऱ्याकडे पाठवलं होतं आणि दुसऱ्याचं काम संपल्यावर त्या पहिल्याकडे परत गेल्या.

भारत सरकारने त्यांना पद्मविभूषण दिलं. २० जुलै १९८२ रोजी त्या ऑस्ट्रियातच वारल्या. तिथे त्यांनी बीथोव्हनवर एक पुस्तक लिहिलं होतं. ते छापून आलं १९९९ मध्ये, आणि व्हिएन्नाच्या कुठल्या संगीत प्रकाशकाकडून नव्हे, तर मदुराईच्या खादीवाल्यांकडून.